एकट्याला रविवारी जेवण नाही

पुणे-सातारा रस्त्यावर कामथडीजवळ मास्तरांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक कौलारू पडवी, तिच्या मागं भिंतीआड स्वयंपाकघर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या कडेला चिंचेचं झाड. इतर दिवशी तिथं कुणीही यावं, जेवावं, जावं. ट्रकवाले असत, एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर असत, भोरच्या बाजाराला निघालेले शेतकरी असत. रविवारी मात्र पडवीच्या खांबावर एक पत्र्याची पाटी लागायची. पांढऱ्या रंगावर निळी अक्षरं, कवायतीला उभी केल्यासारखी ताठ: 'आज एकट्या पुरुषास जेवण मिळणार नाही. घरच्या मंडळींना घेऊन यावे.'

मी पहिल्यांदा तिथं उतरले तो रविवारच होता. जवळच्या एका गावच्या शाळेत माझी शिक्षिका म्हणून नेमणूक झाली होती आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. वडील गेल्यापासून मी भावाच्या संसारात राहत होते. तिथून बाहेर पडायला मिळतंय याचाच आनंद इतका झाला होता की निघताना जेवायचं राहून गेलं. ट्रंक घेऊन पडवीशी आले तर दारात एक उंच, सडसडीत माणूस उभा. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, मिशांची टोकं वळवलेली. त्यांच्यापुढं दोन ट्रकवाले अजिजी करत होते.

"मास्तर, घरची मंडळी कोल्हापूरला हाईत आमची."

"मग कोल्हापूरला जावा आन घिऊन या."

"आन तवर उपाशी ऱ्हावं?"

"म्होरं किकवीला जावा. तितं एकल्याला वाढत्यात. आज हितं न्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. एस.टी. किती वाजता येते ते सांगावं तसं ते सांगत होते. ट्रकवाले पुटपुटत निघून गेले. मी पाटी वाचली आणि ट्रंक पुन्हा उचलली, कारण मीही एकटीच होते.

"बाई, तुमी कुटं निगाला?"

"माझ्याबरोबर कुणी नाही."

"पाटी नीट वाचा की. एकटा पुरुष म्हनलंय. बाईमानूस एकलं आलं तरी आमी ती फॅमिलीच धरतो."

त्यांनी माझ्या हातातली ट्रंक घेतली, भिंतीशी ठेवली आणि चिंचेकडच्या टेबलाशी मला खुर्ची दिली. आंबेमोहोराचा भात, काळ्या मसाल्याची आमटी, भरलं वांगं, गव्हाची खीर. माझ्याकडं न बघता मला जेवू देणारी ती कितीतरी दिवसांतली पहिली जागा होती. मला स्वयंपाक येत नव्हता, आणि ज्यांच्याकडं खोली घेतली त्यांच्या घरी दोन वेळा जेवायला बसणं अवघड वाटायचं. त्यामुळं मी मास्तरांची रोजची गिऱ्हाईक झाले आणि हळूहळू गिऱ्हाईक राहिले नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. गावात मात्र बँडवाला म्हणजे बँडमास्तर असा हिशेब होता. सुरुवातीला ते प्रत्येकाला समजावत: "मास्तर दुसरे व्हते, म्या आपला वाजवनारा." पुढं कंटाळून त्यांनी ते सोडून दिलं. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा भावानं शेत वाटून द्यायची तयारी दाखवली होती. यांनी शेताऐवजी रस्त्याकडेचा हा तुकडा मागून घेतला. भावाला वाटलं, पलटणीत राहून डोकं फिरलं.

एकदा शनिवारी संध्याकाळी मी त्यांना रविवारच्या पाटीचं विचारलं. ते गुंजवणीच्या काठावरून आणलेल्या बोरूच्या पातळ पत्त्या तासत बसले होते. क्लॅरिनेटच्या तोंडाशी ती पत्ती बसवावी लागते, तिच्यावरच आवाज निघतो. पुण्यात विकत मिळायची, पण मास्तरांना दुकानातली पत्ती पसंत पडत नसे.

"छावनीत रविवारी सायबलोकांचं जेवान असायचं," ते म्हणाले. "हिरवळीवर टेबलं मांडायची. सायब, मडम, पोरं, म्हातारी मानसं. समदी एका टायमाला बसायची आन आमी उन्हात हुबं राहून वाजवायचं. उन्हाचं मला काय वाटलं न्हाई. पर बघताना एकच याद यायची. म्या माझ्या आईला जेवताना कधी बघितलंच न्हाई, बाई. समद्यांचं झाल्यावर ती चुलीच्या आडाला बसायची. कवा जेवायची, काय उरायचं तिला, कुनाला ठावं. ती गेली तवा मी पलटणीत. तवा ठरवलं, आपन एक जागा काढायची, तितं आयाबायांनी समद्यांसंगं बसून जेवायचं आन आपन वाजवायचं."

पत्ती उजेडासमोर धरून त्यांनी एक डोळा मिटला, आणि ती पसंत न पडल्यानं फेकून दिली.

त्यांच्याबरोबर वाजवायला बापू असायचे. बापू शेजारच्या वरवे गावचे. पलटणीत दोघं एकाच बँडात होते, बापू तिथं बाजूचा ड्रम वाजवायचे, इथं ढोलकी धरली होती. बापूंचं घर बौद्ध. ते मास्तरांच्या शेजारी खुर्चीवर बसतात, त्यांच्याच पंक्तीला जेवतात, हे काही लोकांना सुरुवातीला रुचलं नाही. कुणी आडून विचारलं की मास्तर "माजा जोडीदार हाय" एवढंच बोलत. ज्यांना ते पुरलं नाही ते पुन्हा आले नाहीत, आणि मास्तरांनी त्यांना बोलावलंही नाही.

रविवारचे नियम मास्तरांचे स्वतःचे होते. पाणी पुरुषांनी वाढायचं. पोरगं रडायला लागलं तर आईनं उठायचं नाही, ते काम क्लॅरिनेटचं. चालू असलेलं गाणं अर्ध्यावर टाकून ते पोराच्या रडण्याचाच सूर पकडत आणि त्याच्याबरोबर वर-खाली जात राहत, पोर चकित होऊन गप्प होईपर्यंत. सिनेमातलं गाणं कुणी मागितलं तर नाही म्हणत नसत, पण ते गाणं त्यांच्या हाती लागलं की कूच करायला लागायचं. विरहाचं गाणंसुद्धा डावा-उजवा, डावा-उजवा करत निघायचं. मी एकदा तसं म्हणाले तर बापू हसले. "बाई, त्यांनी पाळण्याचं गाणं वाजवलं तरी पोरगं उठून सलाम ठोकंल."

आणि सगळ्यात मोठा नियम, ताट आधी बाईपुढं.

या नियमानं पहिल्या-पहिल्यांदा भलतीच अडचण केली. एक प्रसंग माझ्यासमोरचा आहे. किकवीचं एक शेतकरी कुटुंब आलं होतं. म्हातारी आई, मुलगा, सून, दोन पोरं. मास्तरांनी म्हातारीपुढं ताट ठेवलं, मग सुनेपुढं. वाफा येणारा भात, त्यावर तूप. मुलापुढं काहीच नाही. सून मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

"खा की," नवरा खालच्या आवाजात म्हणाला.

"तुमचं यिऊ द्या."

"यील माजं. तू लाग."

तिनं घास केला आणि तसाच ताटात ठेवला. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते, बापू बघत होते, मीही बघत होते. त्या बाईनं जन्मात परक्या पुरुषांसमोर तोंड उघडून घास घेतला नसेल. तिच्या कपाळावर घाम आला. म्हातारी सासूसुद्धा तिच्याकडंच बघत होती, स्वतःचा घास हातात धरून.

मास्तरांच्या ते ध्यानात आलं. खुर्ची उचलून त्यांनी उलटी फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. बापूंना म्हणाले, "फिर. आन मागं बघायचं न्हाई." दोघांनी पाठमोरं बसून वाजवायला सुरुवात केली. मग शेजारच्या टेबलावरचे पुरुषही ओशाळून रस्त्याकडं बघायला लागले. मी माझ्या ताटात बघितलं. गाणं संपून मास्तर वळले तेव्हा सुनेचं ताट स्वच्छ होतं आणि ती पदरानं तोंड पुसत होती. नवऱ्यापुढं तेव्हा कुठं ताट आलं.

त्या दिवसापासून मास्तर कायम पाठमोरे वाजवायला लागले. पुण्याहून मोटारीनं जाणारे लोक कधी थांबायचे, त्यांना वाटायचं हा माणूस घमेंडखोर आहे. कुणी म्हणायचं, लष्करात तशीच पद्धत असेल. मास्तर खुलासा करत नसत. बायका जेवायला लागल्या होत्या. किकवीची ती सून पुढं दर पंधरवड्याला येऊ लागली, आणि एकदा तिनं खीर दुसऱ्यांदा मागितली तेव्हा मास्तरांनी आनंदानं इतका उंच सूर लावला की चिंचेवरचे कावळे उडाले.

फसवाफसवीही व्हायची. एका एस.टी. कंडक्टरला रविवारी तिथंच जेवायचं होतं. त्यानं थांब्यावर बसलेल्या एका म्हातारीला हाताला धरून आणलं आणि म्हणाला, "ही माजी मावशी."

मास्तरांनी म्हातारीला विचारलं, "मावशी, तुमचा भाचा का ह्यो?"

"कुनाचा कोन," म्हातारी म्हणाली. "ह्याला म्या आत्ताच बघितला. जेवायला चल म्हनला, म्हनून आले."

मास्तरांनी थोडा विचार केला आणि दोघांनाही बसवलं. त्यांचं म्हणणं असं की म्हातारीला जेवण मिळालं, म्हणजे पाटीचं काम झालं. कंडक्टरला मात्र शेवटपर्यंत तिला पाणी वाढावं लागलं, आणि जेवण झाल्यावर ती त्याच्याच गाडीत बसून वेल्ह्याकडं गेली.

हे सगळं अन्न शिजवायच्या त्या वैनी, मास्तरांच्या बायको. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कामाला वाघीण आणि बोलायला तिखट. त्या पडवीत कधी यायच्या नाहीत. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक झरोका होता, त्यातून त्या ताटं पुढं सरकवत आणि मास्तर ती घेऊन जात. मी मागच्या दारानं आत जाऊन त्यांच्याजवळ बसायची. त्या भाकऱ्या थापता थापता मला गावच्या गोष्टी सांगायच्या, आणि बाहेर क्लॅरिनेट चढायला लागलं की म्हणायच्या, "लागले का बोंबलायला?" पण हात थापायचा थांबायचा. सूर उतरला की पुन्हा थापणं सुरू. रविवारची पंगत उठली, टेबलं पुसून झाली, की मग वैनी चुलीशेजारी बसून उरलंसुरलं जेवायच्या. मास्तर तेव्हा बाहेर चिंचेखाली क्लॅरिनेटचे तुकडे पुसत बसलेले असत. हे मी दर आठवड्याला बघत होते. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही, आणि मास्तरांनाही दिसत नव्हतं.

ते दिसलं एका पाहुणीमुळं. एका रविवारी चिंचेखाली मोटार थांबली आणि त्यातून एक निवृत्त साहेब आणि त्यांच्या पत्नी उतरल्या. साहेबांनी मास्तरांना ओळखलं. मास्तर टाचा जुळवून ताठ उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी जुन्या छावणीच्या आठवणी काढल्या, मास्तरांनी त्यांच्यासाठी एक कवायतीचं गाणं वाजवलं. पाठमोरंच. साहेब हसले, पण त्यांनी कारण विचारलं नाही. साहेबांच्या पत्नी पुण्याच्या होत्या. जेवण आवडलं म्हणून सांगायला त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि वैनींना म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचं वाजवणं आम्ही किती वर्षांपूर्वी ऐकलं होतं, अजून आठवतं. वाजवताना ते एकदम वेगळेच दिसायचे. तुम्हाला तर रोज बघायला मिळतं."

वैनी चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाल्या, "मी कुटं बघितलंय? पलटणीत व्हते तवा मी गावाकडं. हितं आले तर मी भिताडाच्या आत आन त्ये भिताडाकडं त्वांड करून. आइकते आपली."

साहेबांच्या पत्नी हसल्या, त्यांच्यामागं येऊन उभे राहिलेले साहेबही मोकळेपणानं हसले. मास्तर ताटं घ्यायला झरोक्याशी आले होते. ते हसले नाहीत. ताटं तशीच झरोक्यात राहिली, मग बापूंनी नेली.

पुढच्या शनिवारी सराव झाला नाही. आमटी वाढताना ते एकाच माणसाला दोनदा वाढायचे. मग एका दुपारी शाळा सुटायच्या वेळी ते शाळेच्या आवारात येऊन उभे राहिले. पोरं सलाम करून निघून गेली.

"बाई, जरा काम हाय," ते म्हणाले. "तुमाला सैपाक येत न्हाई, ठावं हाय मला. पर ताटं उचलून पडवीत न्यायला येत्याल न्हवं?"

"येतील. का?"

"ह्या रविवारी तिला भाईर बसवायची हाय."

"त्या बसतील?"

"त्येच तर. म्या इचारलं तर म्हनली, 'माज्या चुलीशी कोन बसनार?' तुमी इचारा."

मी विचारलं. वैनी आधी उडवून लावायला लागल्या. या वयात नटून काय बसायचं, लोक काय म्हणतील, खीर करपेल. मी म्हटलं, चुलीशी बापूंच्या घरातल्या बसतील. बापूंच्या बायको तिथंच होत्या, रविवारची भांडी घासायला त्या यायच्या. त्या एकदम मागं सरल्या. "नगं बाई. माज्या हातचं लोक खात्याल का? तुमचं गिऱ्हाईक तुटंल."

वैनींनी परातीतलं पीठ एकसारखं केलं. मग म्हणाल्या, "तुजी भाकरी माज्यापरीस पातळ असती. म्या तुज्या दारात खाल्लीया. तू बसनार असशील तर मी बसते. दुसऱ्या कुनाला मी चूल देनार न्हाई."

त्या रविवारी पडवी भरलेली होती. चुलीशी कोण आहे हे बोलता बोलता सगळ्यांना कळलं. एक घर न जेवता उठलं. मास्तर त्यांना अंगणाच्या कडेपर्यंत पोचवायला गेले, रामराम केला आणि परत आले. बाकीचे बसून राहिले. त्यांच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. किकवीची ती सून आलेली होती, आणि तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला.

वैनी आल्या. इरकली लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर. सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर त्या अंग चोरून बसल्या, जणू खुर्ची कुणी मागून काढून घेईल. मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं. मास्तरांनी आपली खुर्ची उचलली आणि लोकांकडं तोंड करून ठेवली. बापूंनीही फिरवली.

मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं, आणि आवाज फुटेना. नुसती हवा गेली. त्यांनी पत्ती काढून ओली केली, पुन्हा बसवली. पुन्हा फुंकलं, एक चिरका स्वर निघाला आणि तुटला. कुठल्या कुठल्या साहेबांपुढं ज्यांनी वर्षानुवर्षं वाजवलं, ते मास्तर पत्ती पुन्हा पुन्हा चाचपत होते. बापूंनी हळूच ढोलकीवर ठेका धरला आणि वाट बघत राहिले.

वैनी म्हणाल्या, "दमानं घ्या. मला कुटं जायाचं न्हाई आज."

मास्तरांनी मान हलवली. डोळे मिटले. तिसऱ्यांदा स्वर लागला, आधी काठावरून, मग भरला. त्यांनी कवायतीचं गाणं वाजवलं नाही. एक संथ चाल होती, मी आधी कधी ऐकली नव्हती. मागाहून बापूंनी सांगितलं की पलटणीत रात्रीचे दिवे मालवायच्या आधी ती वाजवायचे.

चाल चढायला लागली तशा मास्तरांच्या भुवया वर गेल्या, गाल फुगले, मिशा दोन्ही बाजूंना ताठ झाल्या आणि मान कोंबड्यासारखी पुढं-मागं व्हायला लागली. वैनी टक लावून बघत होत्या. बघता बघता त्यांनी पदर तोंडाशी नेला, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या मोठ्यांदा हसल्या. इतक्या मोठ्यांदा की मास्तरांनी डोळे उघडले.

"अवो, असं त्वांड करता व्हय तुमी?" त्या म्हणाल्या. "आन मी समजत व्हते, किती रुबाबात वाजवत असाल."

पोरं हसली, मग बायका हसल्या. मास्तरांनाही हसू आलं, आणि हसू आलं की क्लॅरिनेट वाजत नाही, त्यातून बदकासारखा आवाज निघाला. त्यावर सगळी पडवी हसत सुटली. वैनींनी डोळे पुसले, ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागल्या. मास्तरांनी चाल पुन्हा धरली आणि शेवटपर्यंत नेली. त्या जेवत होत्या आणि बघत होत्या.

नंतर खुर्ची पुन्हा भिंतीकडं फिरली नाही. सगळ्यांचं लक्ष मास्तरांच्या तोंडाकडं असायचं, त्यामुळं कोण घास घेतंय इकडं कुणी बघत नसे. वैनी दर रविवारी एका गाण्यापुरत्या बाहेर येऊन बसत. तेवढा वेळ चूल बापूंच्या घरातल्या सांभाळत. काही जुनी घरं यायची थांबली, काही नवी यायला लागली. हॉटेल चाललं.

मग माझी बदली वेल्ह्याच्या डोंगराकडच्या शाळेत झाली. तिथून रस्त्याला यायचं म्हणजे दिवस मोडायचा. वर्षा-दोन वर्षांनी एकदा जाणं व्हायचं, तेही इतर दिवशी. अशाच एका खेपेला नसरापूरच्या फाट्यावर बापू भेटले. बरेच थकले होते. त्यांनी सांगितलं की मास्तरांचे पुढचे दात गेले.

"क्लॅरिनेटला वरचं दात लागत्यात, बाई. दात टेकल्याबिगार पकड येत न्हाई. पुन्याला जाऊन कवळी बसवून आनली. तर ती हालती. वाजवाय गेलं का शिट्टी निघती. ठिवून दिलं बघा पेटीत. जेवतबी नीट न्हाईत."

"आणि रविवार?"

"पाटी लावत्यात. मानसं येत्यात, जेवून जात्यात. पर आमचं बंद हाय."

मला फार वाईट वाटलं. त्या पेटीपुढं बसलेले मास्तर डोळ्यांसमोर येत राहिले. जायचं ठरवलं आणि टाळलं. काय बोलायचं हे सुचत नव्हतं. असे काही महिने गेले, आणि शेवटी एका रविवारी मी सकाळची गाडी पकडलीच.

उतरले तर रस्त्यापर्यंत क्लॅरिनेट ऐकू येत होतं. तीच संथ चाल, पण लंगडत होती. दोन पावलं नीट जायची, तिसऱ्याला अडखळायची, पुन्हा मागून यायची. मला वाटलं कवळी बसली. अंगणात लोक होते, पोरं चिंचेखाली खेळत होती. मी पडवीच्या पायरीवर चढले आणि तिथंच थांबले.

पुढं एका बुटक्या पाटावर वैनी बसल्या होत्या. त्यांच्या मागं खुर्चीवर मास्तर. क्लॅरिनेटचं तोंड वैनींच्या दातांत होतं, गाल फुगलेले, पदर खांद्यावर घसरलेला. मास्तरांचे दोन्ही हात त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढं आले होते आणि त्यांची लांब बोटं क्लॅरिनेटच्या भोकांवर, चाव्यांवर फिरत होती. हनुवटी वैनींच्या खांद्याशी टेकली होती. फुंकर एकीची, बोटं दुसऱ्याची. भरल्या पडवीत, सासवा-सुना, म्हातारे, पोरं यांच्यासमोर तो म्हातारा माणूस बायकोला दोन्ही हातांत घेऊन बसला होता, आणि लोक वांग्याची भाजी मागत होते, पाणी वाढत होते, मधूनच वळून बघत होते आणि पुन्हा जेवत होते.

चाल मध्येच तुटली. वैनींनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं.

"बोटं चुकली तुमची."

"बोटं न्हाई चुकली. तुजी फुंक कमी पडली."

"जल्मभर चूल फुकलीया म्या," वैनी म्हणाल्या. "फुंकीचं मला नगा सांगू."

मास्तरांनी वैनींचा घसरलेला पदर एका हातानं सारखा केला, तो हात पुन्हा चाव्यांवर ठेवला. बापूंनी ढोलकीवर थाप दिली, आणि दोघांनी ती चाल पहिल्यापासून धरली.